खळं मोकळं झाल्यावर

मंडणगड तालुक्यात मोकळी सपाट जागा नसते. मोबाइलवरच्या उपग्रहाच्या चित्रात ती दिसते खरी. डोंगरमाथ्यावरचा सडा दिसतो, देवळापुढचं पटांगण दिसतं, आंब्याच्या बागेशेजारचा माळ, घरांच्या मधलं सारवलेलं खळं, सगळं दिसतं. पुण्यामुंबईहून आलेली मंडळी त्यावर बोट ठेवून विचारतात, "इथे गाडी लावू या ना? कुणीच नाहीये." कुणीच नाही असं ठिकाण मला या तालुक्यात आजवर सापडलेलं नाही. सड्यावरचं गवत म्हणजे कुणाच्या तरी गुरांची वर्षाची वैरण असते. देवळापुढच्या सहाणेवर शिमग्यात पालखी बसते, तिथे चाक जाता कामा नये. खळ्यात भात झोडायचं असतं. गाडी कुठे लावायची हा प्रश्न इथे शेवटी कुणाला विचारायचं या प्रश्नावर येतो, आणि माझ्या कामाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

मी कॅरॅव्हॅन चालवतो आणि तिच्यातून आलेल्यांना डोंगर फिरवतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी आहे. आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, संडास-मोरी, छतावर सौर पट्ट्या, खाली पाण्याची टाकी. गाडीचे मालक पुण्याचे. मी मंडणगडचा, म्हणून हा पट्टा माझ्याकडे. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा खरा हंगाम. पाऊस सरलेला, पऱ्हे, म्हणजे ओढे, अजून वाहते, शाळांना सुट्टी, आणि डोंगर हिरव्याचा पिवळा होत चाललेला. चैत्र-वैशाखात या मुलखात पत्र्याच्या गाडीत राहणं मी कुणालाही सुचवणार नाही. ऑक्टोबरच्या दुपारीसुद्धा सावली लागतेच, आणि ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात सावलीची फार मोठी झाडं गेली. ज्या फणसाखाली गाडी लावायची, तो फणसच आता नाही, अशा जागा मला तोंडपाठ आहेत.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या कशा असाव्यात, त्या उभ्या करायला कॅरॅव्हॅन पार्क कसे असावेत, तिथे पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था काय हवी, हे सगळं त्यात आहे. गाड्या दिसू लागल्या. माझ्या रोजच्या वाटांवर असा पार्क मात्र मला अजून लागलेला नाही. दिवाळीला अमेरिकेहून येणारी मराठी कुटुंबं गाडी घेतात तेव्हा हा विषय हमखास निघतो. एका काकांनी न्यू यॉर्क राज्यातल्या लेचवर्थ स्टेट पार्कबद्दल मला बरंच सांगितलं. जागेचं आरक्षण आधी करायचं, आपल्या जागेला नंबर, विजेचा खांब, बाकडं-टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, आणि निघताना सांडपाणी सोडायला वेगळं ठिकाण. जेनेसी नदीची खोल घळ, तिच्यातले धबधबे, ऑक्टोबरात लाल-केशरी झालेली झाडं, खुणा लावलेल्या पायवाटा. ऐकताना मला हेवा वाटला, त्यातही सांडपाण्याच्या ठिकाणाचा जास्त.

"आपल्याकडे असं का नाही?" काकांनी विचारलं. मला वाटतं त्याचं उत्तर जमिनीत आहे. स्टेट पार्कची जमीन सरकारची असते, म्हणून सरकार तिथे नंबर लावू शकतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. बाकीचं रान लोकांच्या मालकीचं, कुणाचं वरकस, कुणाची बाग, कुणाच्या भावकीचा सामाईक डोंगर, कुठे देवाची राई. पुण्याहून आम्ही ताम्हिणी घाटाने उतरतो. तो भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम आहेत. पुढे माणगाव, लोणेरे, गोरेगाव, आंबेत करत सावित्री ओलांडून म्हाप्रळला आलं की फाटक नाही, तिकीट नाही. तिथून पुढे माणसांना विचारायचं.

विचारायचं म्हणजे काय, ते सविस्तर सांगायला हवं, कारण पर्यटनाच्या योजना आखणाऱ्यांच्या कागदावर हे येत नाही. आधी वाडीतल्या जाणत्या माणसाच्या ओटीवर जाऊन बसायचं. "कुणाचा तू?" हा पहिला प्रश्न. मग आजोबांचं नाव, मग आजोळ, मग मुंबईत कुठे असतोस. एवढं झाल्यावर चहा येतो आणि चहानंतर जागेचा विषय. मी दाखवलेल्या जागेच्या सातबाऱ्यावर एका घरातल्या तीन पिढ्यांची नावं असतात. त्यातले निम्मे नालासोपारा-विरारला, काही लालबागला, एखादा आखातात. इथे घरात म्हातारी एकटी. ती म्हणते, "माझी काय ना नाय, पण थोरल्याला इचार." थोरल्याला फोन लागतो तेव्हा तो लोकलमध्ये उभा असतो. तो वाडीच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीला विचारून सांगतो म्हणतो. गाडीतली मंडळी एव्हाना घड्याळ बघायला लागलेली असतात.

ही चालढकल आहे असं मला कधीच वाटलं नाही. गावातली निम्मी माणसं शहरात असताना वाडीने आपल्या जमिनीवरचा हक्क याच विचारपूशीतून टिकवला आहे. जो विचारत नाही त्याला कुणी हाकलणार नाही, पण सकाळी पाणी मागायला गेला तर विहिरीकडे बोट दाखवून घरात जातील. विचारून आलेल्याला रात्री अंगणातून हाक येते, "जेवलाव काय?" म्हणून मी पर्यटकांना निघतानाच सांगून ठेवतो, की पहिली संध्याकाळ विचारण्यात जाणार, ती सहलीतच धरा. आता बरीचशी ठिकाणं माझी ओळखीची झाली आहेत, तरी दर वर्षी नव्याने विचारतो. गेल्या वर्षीचा होकार गेल्या वर्षीचा.

आमचा हंगाम आणि शेतकऱ्याची धांदल एकाच वेळी येतात. हळवं भात आधी तयार होतं, मग निमगरवं, शेवटी खोलगट जमिनीतलं गरवं. दसरा-दिवाळीच्या मधे कापणी, भारे बांधणं, वाहून आणणं, झोडणी हे सगळं एकमेकांत मिसळून चालतं आणि हाताशी माणसं नसतात. हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबईतून पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. प्रत्यक्षात परतीच्या सरी त्यानंतरही येतात, दुपारनंतर, गडगडत. कापून आडवं टाकलेलं भात भिजलं की त्याला कोंब फुटतात. एका वर्षी अशाच पावसाने आमची एक ठरलेली जागा गेली. ज्यांचं खळं मिळायचं होतं त्या काकींनी फोनवर एवढंच सांगितलं, "भात घरात येऊ दे, मग आण तुझी गाडी." मालकांना तारखा बदलायच्या नव्हत्या, पर्यटकांनी पैसे भरले होते. मी गाडी दुसऱ्या गावच्या शाळेच्या मैदानात लावली, मुख्याध्यापकांना विचारून. काकींच्या खळ्यात त्या आठवड्यात ताडपत्रीखाली भारे होते आणि त्यांना दुसरी जागाच नव्हती.

हौसेने विळा हातात घ्यायला निघालेल्या पर्यटकांनाही मी थांबवतो. त्यांची भावना चांगली असते. पण कापणीचे दिवस मोजके, आणि शहरातल्या माणसाला विळा धरायला शिकवत बसायची सवड त्या दिवसांत कुणालाही नसते. बघायचं असेल तर बांधावर उभं राहून बघावं. बोलायचं असेल तर संध्याकाळी.

चालण्याच्या वाटांचंही असंच. इथली पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, कुणी गिर्यारोहकांसाठी बांधलेली नाही. वाडीतून नदीवर, नदीवरून बाजाराला, बाजारातून देवळाकडे जायला पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ती केली. पावसात तिच्यावर गवत माजतं, करवंदीच्या जाळ्या आत येतात. पूर्वी गणपतीच्या आधी आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमाराला वाडीची माणसं एकत्र जमून वाट बेणायची. आता घरटी एक मोटरसायकल आहे, रिक्षा दारात येते, आणि पाखाड्या बुजत चालल्या आहेत. माझ्या लहानपणी पायाखालची असलेली एक वाट आज मला शोधावी लागते. मी कोयती घेऊन पुढे जातो, पण एकट्याने वाट राखता येत नाही. वाट रोज वापरणारी माणसं नसतील तर दोन पावसाळ्यांत ती जाते. अमेरिकेतल्या त्या काकांना खुणा लावलेल्या वाटांचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. तिथे त्या कामाला पगारी माणसं आणि स्वयंसेवक असतात. आमच्या वाटांची देखभाल ज्यांच्या पायांवर चालली होती ते पाय मुंबईला गेले.

मंडणगड किल्ल्याला आता गाडीरस्ता जवळपर्यंत जातो. मी तरीही खालून पायी नेतो. वर तळी आहेत, गणपतीचं देऊळ आहे, एक तोफ आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्यानंतर त्याला लष्करी काम उरलं नाही. आश्विनात तळी भरलेली असतात, माथ्यावर तेरडा संपत आलेला असतो आणि कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे वर आलेले असतात. ओलसर कातळावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं अजून कुठे कुठे सापडतात, पण त्यासाठी लवकर यावं लागतं. कातळावरचं पाणी आटलं की ती गेली. धोबी पक्षी उत्तरेकडून आलेले असतात आणि शेपटी हलवत वाटेवर पुढे पुढे चालतात. मुलं त्यांच्या मागे लागतात. मुलांना मी लागू देतो, पण वाट सोडून गवतात शिरू देत नाही.

त्याला कारण फुरसं. रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यावर ते पहिल्यापासून आहे. वीतभर-दीडवीत लांब, दगडाच्याच रंगाचं, आणि पळून जाण्याऐवजी जागेवर वेटोळं करून बसणारं. दगडाखाली हात घालायचा नाही, अंधारात बॅटरीशिवाय गाडीतून उतरायचं नाही, पायात चप्पल चालणार नाही, हे तीन नियम मी मोडू देत नाही. दंश झालाच तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. विंचवाचंही तेच. कापणीच्या दिवसांत भाऱ्याखाली, गवताच्या उडवीत लाल विंचू असतो आणि कोकणात त्याच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत असत. सावित्रीपलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी वर्षानुवर्षं हेच रुग्ण पाहिले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर लागू पडतं हे १९८०च्या दशकात दाखवून दिलं. त्या एका औषधाने या पट्ट्यातली किती घरं वाचली असतील! शहरातून आलेल्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो. घाबरवायला नाही, तर ज्या गवतावर त्यांना चादर अंथरावीशी वाटते त्या गवतात इथली माणसं दिवसभर हात घालून काम करतात, हे त्यांना कळावं म्हणून.

परतीच्या पावसाची वीज ही तिसरी गोष्ट. सड्यावर माणूस हाच सगळ्यांत उंच. दुपारी बारानंतर पूर्वेकडे ढग चढायला लागले की मी सगळ्यांना खाली आणतो, कितीही कुरकुर झाली तरी.

बाणकोटला गेलं की माझं बोलणं वाढतं. सावित्रीच्या मुखावरचा हा किल्ला इंग्रजांनी १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. दक्षिण कोकणचा त्यांचा कारभार इथून चाले. १८२२ मध्ये मुख्य ठाणं रत्नागिरीला गेलं आणि बाणकोट मागे पडलं. तटावरून समोर हरिहरेश्वरचा डोंगर दिसतो, खाली खाडीत वेसवी-बागमांडला फेरीबोट. त्या बोटीवर आमची गाडी चढवताना मला भरतीचं वेळापत्रक पाहावं लागतं. ओहोटीला बोटीची फळी उभी होते आणि गाडीचा मागचा लांब भाग धक्क्यावर घासतो. बोटीवरची मुलं हे माझ्याआधी ओळखतात. हात वर करून थांबवतात आणि तासाभराने बोलावतात.

आंबडव्याला आम्ही गाडी लावून राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ते मूळ गाव. तिथे माणसं सहलीला येत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून येतात, स्मारकापुढे उभी राहतात. आमच्या मंडळींनाही मी तिथे टेबल-खुर्च्या बाहेर काढू देत नाही. दर्शन घ्यायचं, थोडा वेळ बसायचं, निघायचं.

मात्र या सगळ्या फिरण्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते वेळासने. नाना फडणवीसांचं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम हाती घेतलं आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहायला येणाऱ्यांसाठी हॉटेल बांधलं नाही. गावातल्या घरांनी आपल्या पडव्या-माजघरं उघडली, घरात शिजतं तेच पाहुण्यांना वाढलं. कासव राखलं तर घराला चार पैसे मिळतात, हे प्रत्येक घराला कळलं. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला. पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिलीच, म्हणून तिचं नाव प्रथमा. माद्या अंडी घालायला येऊ लागतात त्या सुमाराला आमचा हंगाम संपत आलेला असतो, पण तेव्हापासून किनाऱ्याच्या बाजूला आम्ही गाडीचा बाहेरचा एकही दिवा लावत नाही. उजेडाने कासवं बिचकतात, पिल्लं भलतीकडे जातात.

वेळासकडे पाहून मला आमच्या गाडीतली अडचण समजली. गाडीत पलंग आहे, चूल आहे, पाणी आहे, संडास आहे. म्हणजे गावाची गरजच उरत नाही. येणारा पुण्याहून किराणा भरून आणतो, गावाच्या जमिनीवर दोन रात्री राहतो, गावच्या विहिरीचं पाणी भरतो, आणि जाताना गावाला काय देतो? कचऱ्याची पिशवी. हे मला सहन होईना. मालकांशी बोललो, आणि आता आमच्या सहलीत सकाळच्या चहापलीकडे गाडीतला गॅस पेटत नाही. दोन्ही वेळचं जेवण ज्या वाडीत थांबू तिथल्या घरातून येतं. नव्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, खाडीकाठी असू तर ताजी मासळी, नाहीतर जवळ्याची चटणी. पहिल्यांदा पर्यटक बिचकतात, "त्यांना त्रास कशाला?" म्हणतात. त्रास आहेच. आठ भाकऱ्या जास्त थापायच्या तर त्रास होणारच, आणि त्याचे पैसे रोख, त्याच हातात द्यायचे.

पाण्याचा हिशोब मी अजून कडक ठेवला आहे. कार्तिकात विहिरी भरलेल्या दिसतात म्हणून कुणी टाकी भरायला नाही म्हणत नाही. पण याच वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघताना मी पाहिलं आहे. गाडीतल्या शॉवरचा नळ मी बंद करून ठेवतो, बादली-तांब्या देतो. भांड्या-आंघोळीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडतो, तेही साबण कमी असेल तर आणि घरच्यांनी सांगितलं तर. संडासाची टाकी या तालुक्यात रिकामी करायची नाही, ती परत पुण्याला जाते. वळणावळणाच्या घाटातून ती भरलेली नेणं हे माझ्या कामातलं सर्वांत नकोसं काम आहे आणि ते मी न चुकता करतो, कारण दुसरा मार्ग पऱ्ह्याकडे जातो आणि पऱ्ह्या खालच्या वाडीच्या विहिरीकडे.

यंदा एका वाडीने स्वतःहून बोलावलं. आंबडवे-राजेवाडी महामार्गाचं काम चालू झाल्यापासून गाड्यांची ये-जा वाढेल असं त्यांना वाटतं, आणि कुणीतरी बाहेरचा येऊन सडा विकत घेऊन तंबू ठोकायच्या आधी आपणच काही करावं असा तिथल्या तरुणांचा विचार आहे. त्यांनी गावकीत बसून अटी ठरवल्या. शेवटच्या घराचं भात आत आल्याशिवाय गाडी नाही. एका वेळी एकच गाडी. सहाणेकडे चाक नाही. रात्री स्पीकर नाही. जेवण वाडीतूनच, घरं पाळीपाळीने. जागेच्या भाड्यातला काही भाग पाखाडी बेणायला आणि पायऱ्या बसवायला. कागदावर लिहून त्यांनी त्या मला वाचून दाखवल्या. सरकारी धोरणात जे नाही ते सगळं त्यात होतं.

अडलंय ते जेवणाच्या पैशावर. मुंबई मंडळाचं म्हणणं, सगळा पैसा मंडळाच्या खात्यात यावा आणि तिथून वाटला जावा. वाडीतल्या बचत गटाच्या बायकांचं म्हणणं, चुलीपुढे आम्ही बसतो, आमचा पैसा आम्हाला हातात द्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी मंडळाची सभा आहे, नालासोपाऱ्याला. मलाही बोलावलंय, गाडीवाल्याची बाजू मांडायला. मी जाणार आहे, आणि बोलणार आहे ते बायकांच्या बाजूने.